खट्खट्, फूस

दुकानात साबण निवडता निवडता आईने एकदम मागे वळून पाहिलं. हातातली पिशवी टाकली आणि दाराकडे चार पावलं धावलीसुद्धा. मग थांबली. तिकडे कोणीच नव्हतं. दुकानातल्या स्पीकरवर नवीन गाणं लागलं होतं, एवढंच.

"मला वाटलं आपला धाकटा," ती म्हणाली आणि सांडलेले बटाटे गोळा करायला लागली.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. चोवीस वर्षांचा घोडा झालाय, पण घरात त्याला दुसरं नाव नाही. त्या वेळी तो दोन रस्ते पलीकडे चष्म्याच्या दुकानात काचा घासत बसला होता, ठणठणीत. तरीही आईचं काही चुकलं नव्हतं. गाण्यातला तो आवाज त्याचाच होता. धाकट्याला पाचव्या वर्षापासून दमा. त्याचा निळा पंप आधी दोनदा हलवायचा, खट्खट्. मग तोंडात धरून दाबायचा, फूस. आणि मग ती लांब आत ओढलेली हवा, जी पुरेशी आत गेली की नाही हे आम्ही कान देऊन ऐकायचो. वीस वर्षं आमच्या घरात या आवाजावर सगळे हातातलं टाकून धावत आलेत. दूध उतू गेलंय, कढया करपल्यात, एकदा तर वडील अर्धी दाढी साबणात ठेवून आले होते.

आता तोच आवाज क्लबातल्या गाण्याचा ठेका झाला होता. खट्खट्, फूस, श्वास. खट्खट्, फूस, श्वास. आणि खालून पोटात गुद्दे मारणारा बेस. रिक्षात, जिममध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, जिकडे जावं तिकडे तेच. आणि प्रत्येक वेळी आई दचकून वळायची. तिला माहीत असायचं, तरी वळायची.

गाण्याचं नाव 'भिंत हलव'. गायकाने स्वतःचं नाव भूकंप ठेवलं आहे. आमच्याकडे यायला तीन मजले चढले की या भूकंपाला आधी पाणी लागायचं. तो आणि धाकटा कॉलेजातले मित्र. दोन वर्षांपूर्वी पूर्ण तीन महिने तो आमच्या मागच्या खोलीत पडीक होता. धाकटा लिहायचा, ठेका बांधायचा, म्हणून दाखवायचा. भूकंप आरशासमोर उभा राहून हात कसे फेकायचे ते बघायचा. आई दोघांना जेवायला वाढायची, आणि पहिली वाढणी त्याला, कारण तो बाहेरचा.

सगळं रेकॉर्डिंग भूकंपच्या लॅपटॉपवर होतं. मग एका कंपनीने बोलावलं, ते त्याला एकट्याला. धाकट्याने फोन केला तेव्हा भूकंप म्हणाला, "अरे, तुझा आवाज फक्त गाईड म्हणून आहे." गाईड म्हणजे कच्चा आवाज. गायकाने तो ऐकून गाणं शिकायचं आणि शेवटी तो पुसून टाकायचा. त्याने पुसला. बारा सेकंद सोडून. गाण्याच्या मध्यावर बारा सेकंदांचा एक तुकडा आहे, इतका वेगवान की जिभेला गाठ बसावी:

भिंत हलव, छत हलव, हलव खालची फरशी,
वरचा आला भांडायला तर त्यालाही दे खुर्ची...

असं पुढे बारा सेकंद, मध्ये कुठेही न थांबता, आणि शेवटी ठेका बंद पडतो आणि नुसता पंप वाजतो. वरचा म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे काका, जे काठीने जमीन ठोकायचे. भूकंपला ते बारा सेकंद काही केल्या जमले नाहीत. म्हणून धाकट्याचाच आवाज ठेवला, मशीनवर जरा जाड करून, आणि पठ्ठ्या मुलाखतीत छाती फुगवून सांगायचा, "एका दमात म्हटलंय."

आणि तो खट्खट् आवाज कसला, असं विचारलं की म्हणायचा, "रंगाच्या स्प्रेचा डबा. मी लहानपणी भिंती रंगवायचो ना." याने आयुष्यात ब्रश धरला असेल तर तो दात घासायचा. रंगाचा डबा खट्खट् वाजेल, फूस करेल, पण रंगाचा डबा श्वास आत घेत नाही. इतकी साधी गोष्ट लाखो लोकांत एकाच्याही ध्यानात आली नाही.

धाकट्याने एकदाच, भूकंपच्या पानावर, चार ओळी लिहिल्या. खाली लोकांनी त्याची अशी हजेरी घेतली की त्याने फोन कपाटात ठेवून दिला. "जाऊ दे ना ताई," तो म्हणाला. आई म्हणाली, "जाऊ दे, आपल्या घरात जेवलेला मुलगा आहे." मी मात्र जाऊ देणाऱ्यातली नाही. माझ्यात ती सोयच नाही. आपल्या घरात जेवला म्हणूनच मला जास्त राग होता. मला एकच गोष्ट हवी होती: त्याने त्याच तोंडाने, सगळ्यांसमोर सांगावं, की तो आवाज पंपाचा आहे, पंप माझ्या भावाचा आहे आणि ते बारा सेकंदही त्याचेच आहेत.

आता माझ्या कामाबद्दल. गाण्यांच्या शूटिंगमध्ये सेटवर गाणं वाजवायचं, ते माझं काम. लोकांना वाटतं, बटण दाबायचं की झालं. पण स्लो मोशन असेल तर कॅमेरा दुप्पट वेगाने चालतो, म्हणून गाणंही दुप्पट वेगाने वाजवावं लागतं. गायक दुप्पट वेगाने ओठ हलवतो. मग ते चित्र निम्म्या वेगावर आणलं की ओठ मूळ गाण्याशी बरोब्बर जुळतात, आणि बाकी सगळं जग पाण्याखाली असल्यासारखं तरंगतं. या कामात मला दहा वर्षं झाली. त्यातली बहुतेक मामांबरोबर. मामा म्हणजे दिग्दर्शक. सगळा सेट त्यांना मामाच म्हणतो. 'भिंत हलव'चा व्हिडिओ मामांकडे आला आणि नेहमीप्रमाणे मामांनी मला बोलावलं.

मला वाटलं होतं, भूकंप मला बघून चपापेल. छे. जुन्या गोदामातल्या सेटवर त्याने मला लांबूनच हात केला. "अरे वा, ताई! घरचंच माणूस," असं मॅनेजरला सांगितलं आणि विचारलं, "काकू बऱ्या आहेत ना?" त्याला खात्रीच होती की आम्ही मऊ माणसं आहोत. त्याच्या सगळ्या चुकांत ही पहिली.

सेट सुंदर होता, खोटं का बोला. पन्नास नाचणारे, चार पांढऱ्या भिंती आणि टेबलभर रंगाचे डबे. बारा सेकंदांचा तुकडा न तोडता, एकाच शॉटमध्ये, स्लो मोशनमध्ये घ्यायचा असं ठरलं होतं. म्हणजे बारा सेकंदांचं गाणं भूकंपने सहा सेकंदांत म्हणायचं. नुसते ओठ हलवायचे, पण अचूक.

अशा वेळी नेहमी मी बोलते. तुकडा अवघड असेल तर मी मामांच्या कानाशी जाऊन सांगते, "मामा, हे दुपटीत नाही झेपायचं, दीडपटीवर घेऊ." गाण्याचा वेग कुठे फाटेल ते मला ऐकून कळतं, आणि मामा माझं ऐकतात. त्या दिवशी मला पहिल्या टेकलाच कळलं. मी गप्प बसले. हेडफोन सारखे केले आणि म्हटलं, "तयार."

सतरा टेक झाले. पहिल्या दोन ओळी तो कसाबसा न्यायचा आणि मग त्याचे ओठ गटांगळ्या खायला लागायचे. नाचणारे घामाने निथळत होते. दहाव्या टेकनंतर तो ओरडला, "गाणं चुकीच्या वेगाने वाजतंय." मी मामांना मशीनचा आकडा दाखवला. वेग दुप्पट होता, ना केसभर कमी ना जास्त. मी वेगाशी कधीच खेळत नाही. मी फक्त एक वाक्य बोलायचं ठेवून दिलं होतं.

प्रत्येक टेकनंतर तो मॉनिटरकडे पळायचा, पण ओठ बघायला नव्हे. "केस बरे दिसतायत ना? जॅकेट उडतंय ना?" मॅनेजरने मामांना सकाळीच त्याचा नियम सांगितला होता: मंजुरीसाठी त्याला पूर्ण व्हिडिओ पाठवायचा नाही, फक्त त्याचे शॉट एकापुढे एक लावून पाठवायचे. बाकीचं बघायला त्याला वेळ नसतो. हे ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात काही नव्हतं. चार वाजता तो विमान गाठायला निघून गेला, आणि मामा रंगाच्या डब्यांच्या टेबलाशी डोकं धरून बसले, तेव्हा मात्र आलं.

मी जवळ जाऊन बसले. "मामा, भूकंपचा दुरून शॉट आहेच. बारा सेकंदांवर नुसते ओठ घ्या, एकदम जवळून. ओठांना चंदेरी रंग फासा. कोणाचे आहेत ते कोणाला कळणार?"

"आणि दुपटीत म्हणणार कोण? तू?"

"माझा भाऊ म्हणेल. सहा सेकंदांत."

मामांनी मान वर केली. "उद्या अकराला आण त्याला."

धाकटा यायला तयार नव्हता. मी त्याला आईची शपथ घातली, दुकानात सुट्टीचा फोन मीच केला, आणि निघताना त्याच्या खिशाला हात लावून पाहिलं. पंप होता. तो म्हणाला, "ताई, मी काही लहान नाही, आहे बरोबर." त्याला वाटलं, मी काळजीने बघतेय.

दुसऱ्या दिवशी गोदामात आम्ही सहाच जण होतो. मेकअपवालीने त्याचे ओठ चंदेरी केले. कॅमेरा इतका जवळ आणला की मॉनिटरवर त्याच्या हनुवटीवरचा कापल्याचा बारीक व्रणही दिसत होता. मी गाणं लावलं, दुप्पट वेगाने, चिमणीसारखं चिवचिवणारं. आणि धाकट्याने ते सहा सेकंदांत म्हटलं. नुसते ओठ नाही, आवाजासकट म्हटलं. मेकअपवाली हातातला ब्रश तसाच धरून उभी राहिली. मामा म्हणाले, "परत." दुसरा टेक त्याहून बरा. तिसरा असा, की मामांनी टाळी वाजवली. "झालं. निघा."

"मामा, अजून एक," मी म्हणाले. "शेवटची ओळ जरा हलली."

ती हलली नव्हती. चौथा झाला. मी म्हटलं, अजून एक. पाचव्याला मला त्याच्या छातीतली ती बारीक शिटी ऐकू यायला लागली, जी मी वीस वर्षं ओळखते, जी ऐकली की हातातलं सगळं टाकून धावायचं असतं. मी धावले नाही. मी मामांना म्हटलं, "शेवटचा, आणि कॅमेरा बंद करू नका." हे मी केलं. इथे लिहिताना मला ते गोड करून सांगायचं नाही. मी माझ्या भावाला धाप लागायची वाट बघत होते.

सहाव्या टेकला तो शेवटच्या ओळीपर्यंत पोचला आणि त्याचा श्वास संपला. त्याने जे आयुष्यभर केलंय तेच केलं. कॅमेऱ्यासमोर तो निळा पंप आला. खट्खट्. चंदेरी ओठांनी तो धरला. फूस. आणि मग ती लांब, आत ओढलेली हवा. नाकपुड्या आत गेल्या, गळ्याची शीर ताठ झाली. गाण्यातही नेमका तिथेच ठेका थांबतो, कारण मागच्या खोलीत त्याने तो थांबवला होता तो याचसाठी. नंतर संपादकाला तेवढा भाग साध्या वेगावर आणून फक्त तीन फ्रेम सरकवावा लागला.

मामांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मशीनकडे बोट केलं. "वाजव तो तुकडा. साध्या वेगाने." मी वाजवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. दोनदा ऐकला.

धाकटा खुर्चीत बसून दम घेत होता. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्याने घेतला नाही. "मुद्दाम केलंस ना?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. पुढचे चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

मामा मला बाजूला घेऊन गेले. "काल सतरा टेक तू गप्प होतीस. दहा वर्षांत पहिल्यांदा. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं."

"हो."

"शॉट मी ठेवणार आहे. इतका चांगला शॉट मला परत मिळायचा नाही. पण तुला आता मी बोलावणार नाही. मला गाणं वाजवणारी हवी, गप्प बसणारी नको."

"माझं नाव काढून टाका," मी म्हटलं. "व्हिडिओच्या शेवटी नावांची यादी येते, तीत त्याचं घाला."

मंजुरीसाठी भूकंपला त्याचे शॉट पाठवले, त्याच्या नियमाप्रमाणे. त्याने परतताना विमानतळावर उभ्या उभ्या पाहिले आणि अंगठा पाठवला. केस बरे दिसत होते.

व्हिडिओ शुक्रवारी सकाळी आला. दुपारपर्यंत तो मधला तुकडा लोकांनी कापून काढला होता. निळा पंप, चंदेरी ओठ, श्वास. एका बाईने लिहिलं, माझा मुलगा हे बघून म्हणाला, आई, हा तर माझ्यासारखा. दुसऱ्याने स्प्रेचा डबा आणि पंप शेजारी शेजारी वाजवून दाखवला. कोणीतरी भूकंपच्या मुलाखतीतलं 'एका दमात' घेतलं आणि त्याला ते ओठ चिकटवले. संध्याकाळी सगळे एकच विचारत होते, ओठ कोणाचे? आणि यादीच्या शेवटी उत्तर होतं: 'ओठ आणि श्वास', पुढे धाकट्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. हनुवटीवरच्या व्रणावरून त्याच्या चष्म्याच्या दुकानापर्यंत लोक पोचले.

रविवारी सकाळी भूकंप आमच्याकडे आला. एकटाच. तीन मजले चढून दारात उभा, कपाळावर घाम. मी दार उघडायला उठले तर आई म्हणाली, "तू बस."

तिने त्याला आत घेतलं, पाणी दिलं. त्याने ते एका घोटात संपवलं आणि गोड आवाज काढला. "काकू, आपल्या आपल्यात मिटवून टाकू. याने फक्त सांगायचं, की मी भाड्याने आणलेला कलाकार आहे, पंपाची कल्पना मामांची. पुढच्या गाण्यात याचं नाव माझ्या शेजारी. शब्द देतो."

धाकटा खिडकीशी बसला होता. मी बोलायला तोंड उघडलं आणि आईने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी ते मिटलं. सेटवर मी काय केलं ते तिला कळलं होतं, आणि माझा हिशेब अजून व्हायचा होता.

"बाळा," आई त्याला म्हणाली, "तो आवाज कसला आहे?"

"कुठला?"

"खट्खट् वाजतो तो. सगळीकडे सांगतोस ना. इथे सांग. तू इथेच बसून जेवायचास, हा पंप ओढायचा तेव्हा मी स्वयंपाकघरातून पळत यायचे, तूही बघायचास. कसला आवाज आहे?"

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "पंपाचा."

"कोणाच्या?"

त्याने मानेने धाकट्याकडे खूण केली.

"आणि ते भरभर म्हटलेलं?"

"त्याचंच."

"मग बाहेर जाऊन हेच सांग," आई म्हणाली. "मला तुझ्या शेजारी त्याचं नाव नको. गाण्यावर आधी त्याचं हवं, तुझं त्याच्याखाली. आणि नाही सांगितलंस, तर तुझ्या येत्या कार्यक्रमात माझा मुलगा पहिल्या रांगेत बसेल आणि तू म्हणून दाखव ते बारा सेकंद. नुसतं तोंडाने. आम्ही ऐकू."

त्याचा चेहरा मी बघितला. पोटभर बघितला. तो रिकामा ग्लास हातात फिरवत होता, आणि तो कुठे ठेवायचा हेही त्याला कळत नव्हतं. शेवटी धाकट्याने उठून तो त्याच्या हातातून घेतला. "मी येणार नाही कार्यक्रमाला," तो म्हणाला. "पण तू सांग."

सोमवारी त्याने सांगितलं. पन्नास सेकंदांचा व्हिडिओ, पाठीमागे पांढरी भिंत, केस विंचरलेले नव्हते. गाण्याच्या पाटीवर आता धाकट्याचं नाव पहिलं आहे. सूड घेऊन आतून रितं रितं वाटतं असं लोक सांगतात. मला तसं काही वाटलं नाही. मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटलं. मामांचा फोन अजून आलेला नाही, तेही मी विसरलेले नाही. आणि त्या शिटीला मी धावले नाही, ते धाकटा विसरलेला नाही. आता पंप ओढायचा असला की तो उठून दुसऱ्या खोलीत जातो.

काल आईबरोबर त्याच दुकानात गेले होते. तिने आठ दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलून मला माझी शिक्षा दिली होती, ती त्या सकाळी संपली. ती साबण निवडत होती आणि गाणं लागलं. खट्खट्, फूस. आई दचकून वळली, पिशवी हातातून सुटली, बटाटे परत फरशीवर. ते काही तिचं आता जायचं नाही.

काउंटरवरची मुलगी घाबरली. "काय झालं, काकू?"

"काही नाही गं," आई म्हणाली. "आमच्या धाकट्याचा श्वास आहे तो."

मी खाली वाकून बटाटे गोळा केले आणि त्या मुलीला म्हटलं, "जरा मोठ्याने लाव."